जेद्दाची विमाने आणि कुलाब्याची नोंदवही

२८ नोव्हेंबर २०२५ हा शुक्रवार होता. सुट्टीच्या संध्याकाळी भारतीयांनी गजबजणाऱ्या जेद्दाच्या शराफिया भागात मायदेशीच्या तिकिटांची चौकशी नेहमीचीच. नेमक्या त्याच दिवशी एअरबसने ए-३२० वर्गातील सुमारे ६,००० विमानांच्या संगणकप्रणालीत तातडीने बदल करण्याची सूचना दिली. ३० ऑक्टोबरला कॅनकुनहून नेवार्कला निघालेले जेटब्लूचे विमान अचानक खाली झेपावले आणि प्रवासी जखमी झाले. तीव्र सौर प्रारणामुळे उड्डाण-नियंत्रणाची माहिती बिघडू शकते, असे कंपनीने सांगितले. फ्लायनास, फ्लायअडील, इंडिगो या सर्वांच्या ताफ्यांत ही विमाने आहेत.

बहुतेक विमाने काही दिवसांतच दुरुस्त झाली. मात्र सूर्याचा कोप किती टोकाला जाऊ शकतो, हा प्रश्न उरलाच. प्रारणाचा मारा आणि भूचुंबकीय वादळ या दोन वेगळ्या घटना असल्या, तरी त्यांचे मूळ बहुधा एकाच सौर उद्रेकात असते. यांतील दुसरीचे मोजमाप मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून सुरू होते.

सप्टेंबर १८५९ च्या प्रारंभी आलेल्या महावादळाने युरोप-अमेरिकेतील तारयंत्रे कोलमडली. त्या वेळी कुलाब्यात चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद झाली. त्सुरुतानी यांच्यासह भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबख्श लखिना व अ‍ॅलेक्स यांनी २००३ मध्ये याच नोंदींवरून त्या वादळाची तीव्रता आजमावली. मे २०२४ च्या ज्या वादळाने लडाखच्या आकाशात लाली पसरवली, त्याची घसरण सुमारे ४०० नॅनोटेस्लांची होती. तेवढ्यावरून या पिढीने अद्याप काय पाहिलेले नाही, याची कल्पना येते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या ट्रामचे विद्युतीकरण होऊ घातले, तेव्हा नोंदी दूषित होऊ नयेत म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे समांतर मोजणी ठेवून नानाभाई मूस यांनी मालिकेत खंड पडू दिला नाही. सोयीसाठी नोंद न तोडण्याचा हा निर्णय आजही शिकण्याजोगा आहे.

जेद्दा आणि अलिबाग यांच्या अक्षांशांत जेमतेम तीन अंशांचे अंतर आहे. चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनमंडल अस्थिर होते आणि उपग्रह-दिशादर्शनाचे संकेत डळमळतात. युरोपच्या मोजमापांवरून या आकाशाचे भाकीत पुरेसे नेमके होत नाही.

साधने वाढत आहेत. पुण्याच्या आयुकाने घडवलेली सूट दुर्बीण घेऊन गेलेले आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्य न्याहाळत आहे. अंतराळ-हवामान मोजणाऱ्या लघुउपग्रहासाठी सौदी अंतराळ संस्थेने मे २०२५ मध्ये नासाशी करार केला. परंतु आदित्यचे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे आहे, तर कुलाबा-अलिबागची मालिका १८० वर्षांहून जुनी. उपग्रहांच्या उड्डाणाला प्रसिद्धी मिळते, जमिनीवरच्या रोजच्या मोजणीला मिळत नाही, आणि निधीची कात्री प्रथम तिच्यावरच चालण्याचा धोका असतो.

अरबी समुद्राच्या दोन्ही तीरांवरील वेधशाळांनी अशा नोंदी अखंड ठेवून परस्परांना दिल्या, तर त्यावरील आकाशातून जाणाऱ्या विमानांना अधिक विश्वासार्ह पूर्वसूचना मिळू शकेल. जेद्दा-मुंबई विमानात बसणाऱ्या प्रवाशाच्या सुरक्षिततेचा एक भाग अलिबागच्या त्या वेधशाळेत रोज लिहिला जात आहे.