लिंबू आणि पाककृतीतला 'किंवा'

मराठी पाककृतींच्या भाषेत लिंबू दोन ठिकाणी हटकून भेटते. एक, मापाच्या रूपाने: 'लिंबाएवढी चिंच', 'लिंबाएवढा गूळ'. दुसरे, शेवटच्या ओळीत: 'वरून लिंबू पिळून वाढावे'. अधूनमधून त्याला 'चिंच किंवा लिंबू' अशी पर्यायाची जागा मिळते. माझा आक्षेप आहे तो या 'किंवा'ला.

षड्रसांच्या वर्गवारीत चिंच, आमसूल, कैरी आणि लिंबू ही सारी 'आम्ल' या एकाच नावाखाली येतात. वर्गवारी म्हणून ते ठीकच; पण शिजवताना ती एकसारखी वागत नाहीत. चिंच आणि आमसूल उकळीत मुरतात, आमटीशी व साराशी एकजीव होतात. लिंबाचे तसे नाही. त्याचा आंबटपणा सायट्रिक आम्लाचा. तो उष्णतेने उडून जात नाही. उडतो तो गंध, आणि लिंबाचे लिंबूपण बहुतांशी या गंधातच, विशेषतः सालीतल्या तेलात असते. म्हणूनच कर्नाटकातील लिंबाचे चित्रान्न करताना मोहरी, डाळी, शेंगदाणे, मिरची, कढीपत्ता आणि हळद यांची फोडणी झाली की कढई खाली उतरवतात. मग रस घालून निवलेला, मोकळा भात कालवतात. येथे लिंबू प्रधान आहे आणि बाकीची पाककृती त्याच्या तंत्राने चालते. आपल्या लिंबाच्या गोड लोणच्यात तर सालीलाच महत्त्व. खारात मुरता मुरता तिचा कडूपणा मवाळ होतो, पण पुरता जात नाही. तो उरलेला कडवटपणा चिंचेने कुठून आणावा?

नाट्यशास्त्रात भरताने रसाची कल्पना स्वयंपाकाच्याच दृष्टान्ताने समजावली आहे: नाना व्यंजने आणि द्रव्ये यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो. साहित्याच्या वर्गात आपण तो दृष्टान्त शिकवतो. मात्र द्रव्ये विसरून रसाचे नाव तेवढे लक्षात ठेवतो. 'ही कविता करुणरसाची आहे' या परीक्षेतल्या उत्तरात आणि 'चिंच किंवा लिंबू' या सूचनेत एकच आळस आहे. वर्गाचे नाव सापडले की वस्तूकडे पाहणे थांबते.

पाककृती लिहिणाऱ्याने 'किंवा' जरूर लिहावे. घरात जे असेल त्यावर स्वयंपाक चालतो. पण त्या 'किंवा'ने पदार्थात काय बदलेल, हेही पुढच्या ओळीत सांगावे. कवितेबद्दल लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडून आपण याहून कमी अपेक्षा का ठेवावी?