लंकेहून झेंडा आणला, शाळा तिथेच राहिली

महाराष्ट्रातील बौद्ध विहारांचे, धम्मसंस्थांचे आणि शिक्षणसंस्थांचे सर्व विश्वस्त व पदाधिकारी यांस,



आपल्या संस्थांच्या श्रीलंका धम्मसहलींची पत्रके माझ्याकडे येत असतात. अनुराधपूरचा बोधिवृक्ष, कँडीचे दंतधातू मंदिर, दंबुल्लाची लेणी आणि शेवटच्या दिवशी कोलंबोत खरेदी, असा बेत बहुतेकांत ठरलेला असतो. शाळेचे नाव मात्र मी एकाही पत्रकात वाचलेले नाही. त्याच कोलंबोत, मरदाना भागात, आनंद कॉलेज उभे आहे. नावात कॉलेज असले तरी ती मुलांची शाळा आहे. आपल्या विहारांवर जो पंचरंगी ध्वज फडकतो, तो ज्या मंडळींनी घडवला त्यांच्यापैकीच काहींनी ही शाळा काढली. ध्वज 1885 चा, शाळा 1886 ची. आपण ध्वज घेतला आणि शाळेकडे पाठ फिरवली, ही माझी तक्रार आहे.

या गोष्टीची सुरुवात आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. थिऑसॉफिकल सोसायटीचे बिऱ्हाड तेव्हा मुंबईत होते. 1880 च्या मे महिन्यात तिचे संस्थापक कर्नल हेन्री ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हात्स्की मुंबईहून बोटीने लंकेत गेले आणि गॉल गावी त्यांनी जाहीरपणे पंचशील घेतले. बौद्धांच्या या देशात बौद्धांच्या स्वतःच्या शाळा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. इंग्रजी शिक्षण हवे असेल तर मिशनच्या शाळेची पायरी चढावी लागे. ऑल्कॉट यांनी शिक्षणनिधीसाठी गावोगाव भाषणे दिली, झोपण्या-जेवण्याची सोय असलेली दोन चाकी बैलगाडी स्वतः आखून बनवून घेतली आणि तीतून वर्गणी गोळा करत फिरले. पुढे 1 नोव्हेंबर 1886 रोजी कोलंबोच्या पेट्टा या बाजारपेठेत 37 मुलांना घेऊन शाळा भरली.

तिचे सुरुवातीचे प्राचार्य कोण होते ते पाहा. पहिले सी. डब्ल्यू. लेडबीटर, इंग्लंडचे माजी पाद्री. पुढे ए. ई. बुल्टजेन्स आले. डच वंशाच्या बर्गर समाजातले, कोलंबोच्या सेंट थॉमस या मिशन शाळेत शिकलेले, केंब्रिजचे पदवीधर आणि नंतर बौद्ध झालेले. जुन्या शाळेपासून पाव मैलाच्या आत नवी शाळा निघाली तर तिला सरकारी अनुदान नाही, असा नियम त्या काळात आला. जुन्या शाळा बहुतेक मिशनच्याच, त्यामुळे हा फास कोणाच्या गळ्याभोवती होता हे उघड होते. बुल्टजेन्स त्याविरुद्ध हिरिरीने भांडले. त्यांच्याच कारकिर्दीत, 1895 मध्ये, शाळा मरदान्याला गेली आणि तिला आनंद हे नाव मिळाले.

याच चळवळीतून निघालेल्या कँडीच्या धर्मराज कॉलेजची उभारणी तर बिलिमोरिया या पारशी प्राचार्यांनी केली. ते तिथे जवळपास तीन दशके होते. गॉलच्या महिंद कॉलेजला 1903 मध्ये एफ. एल. वुडवर्ड लाभले. पाली ग्रंथांचे भाषांतरकार म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. ते सोळा वर्षे प्राचार्य होते आणि शाळेच्या इमारतीत त्यांनी स्वतःचा पैसा ओतला. शाळा बौद्धांची, पण शिक्षक नेमताना त्यांचा जन्म कुठल्या घरात झाला हे कोणी विचारले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे मुख्याध्यापक नेमताना पोटजात, गट आणि पक्ष यांचा हिशेब कसा होतो हे बैठकांना बसणाऱ्या तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

या शाळांतला दिवस आपल्या शाळांपेक्षा फार वेगळा नसतो. पांढरा गणवेश, सकाळी साडेसातला शाळा, दुपारी दीडला सुट्टी. परिपाठाला पंचशील. दर पौर्णिमेला देशभर सुट्टी, रविवारी सकाळी धम्मशाळा. नव्या वर्षी मुले विड्याची पाने हातात देऊन गुरुजींच्या पाया पडतात. पण वंदना झाली की गणित, विज्ञान आणि इंग्रजी सुरू होते आणि त्यात कसूर चालत नाही. स्काउट, कॅडेट, बँड आणि क्रिकेट यांनाही तितकाच मान. 1996 चा विश्वचषक जिंकणारा अर्जुन रणतुंगा आनंदचा. 1982 मध्ये श्रीलंकेच्या पहिल्याच कसोटीत त्याने अर्धशतक केले तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. आनंद आणि नालंदा या दोन शाळांचा रंग एकच, गडद तांबडा, म्हणून त्यांच्या वार्षिक सामन्याला लढाईचे नाव पडले आहे. त्या दिवशी ट्रम्पेट-ढोलांच्या गदारोळात अर्धे शहर माजी विद्यार्थी होते. या माजी विद्यार्थ्यांचा शाळेशी जडलेला जीव शाळेला पुढे इमारती मिळवून देतो.

सगळेच नमुनेदार आहे असे मी म्हणत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला या शाळा सरकारकडे गेल्या. शिक्षण मोफत, पण पहिलीच्या प्रवेशासाठी पालकांची धावपळ आणि पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी कोवळ्या पोरांवर शिकवण्यांचा मारा. त्याहून गंभीर म्हणजे याच परंपरेतून सिंहली-बौद्ध अभिमानाचे कडवे राजकारणही वाढले. आनंदचे प्राचार्य राहिलेले एल. एच. मेत्तानंद 1956 च्या, सिंहलीला एकमेव राजभाषा करण्याच्या राजकारणात पुढे होते. तमिळ शेजाऱ्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली. शाळा केवळ मुलांची असण्याचे कौतुकही मला नाही. आपण काढू त्या शाळेत मुली पहिल्या दिवसापासून हव्यात. नक्कल करायची तर 1886 च्या लंकेची करा, 1956 च्या लंकेची नको.

आधी शाळा, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, 1950 मध्ये औरंगाबादेत मिलिंद कॉलेज. धम्मदीक्षा त्यानंतर सहा वर्षांनी. त्याच 1950 मध्ये ते लंकेतल्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. ती परिषद भरवणारे जी. पी. मलालसेकेरा हे नालंदाचे सुरुवातीचे प्राचार्य होते. जगभरच्या बौद्धांना एकत्र बोलावणारा माणूस एकेकाळी शाळामास्तर होता, हे आपल्या भाषणांत कधी येत नाही.

आज आपण वर्गणी काढतो ती कमानीसाठी, मूर्तीसाठी, डीजेसाठी. दहा दिवसांची श्रामणेर शिबिरे होतात, ती व्हावीतही. पण अकराव्या दिवशी तो मुलगा ज्या शाळेत परत जातो तिथे प्रयोगशाळेला कुलूप असते, आणि त्याबद्दल आपल्या इतिवृत्तांत एक ओळ सापडत नाही. काही संस्था वसतिगृहे आणि शाळा नेटाने चालवतात. हे पत्र त्यांना नाही.

बाकीच्यांकडे मागणे एवढेच. यंदाच्या वर्षावासात एक बैठक केवळ शाळेवर घ्या. जमा वर्गणीतला ठरावीक हिस्सा शिक्षणाकडे वळवण्याचा ठराव करा आणि तो हिशेब विहाराच्या फलकावर लावा. एकट्या संस्थेला नवी शाळा झेपणार नसेल तर तालुक्यातल्या तीन-चार संस्थांनी मिळून जवळच्या जिल्हा परिषद शाळेला ग्रंथालय आणि विज्ञानाचा एक चांगला शिक्षक द्यावा. तिथे बसणारी पोरे सगळ्या जातींची असतील, ते उत्तमच. आणि पुढच्या लंका सहलीत खरेदीची वेळ कापून एक सकाळ मरदान्यासाठी ठेवा. आधी पत्र पाठवून परवानगी घ्या, सोबत आपल्या गावचे दोन मुख्याध्यापक न्या आणि बस साडेसातच्या आत पोचेल असे पाहा, म्हणजे परिपाठ चुकणार नाही.

आपला,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक