रूळ पास झाल्याशिवाय गाडी नाही, मग पदवीचे काय?



या पानावर आम्ही नेहमी महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा आणि खाजगीकरण यांवर लिहितो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तोही आपल्या पगाराच्या पाकिटाशीच बांधलेला आहे. बारावीचे निकाल लागले की आपल्या प्रत्येक कॉलनीत एकच चर्चा असते : पोराला घालायचे कुठे? कोणी पी.एफ.मधून पैसे काढतो, कोणी सोसायटीचे कर्ज उचलतो, कोणी घरातले सोने गहाण टाकतो. एवढे करून मुलाला जी पदवी मिळते ती ठरवतो कोण आणि मंजूर करतो कोण, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आम्हालाही नव्हते. आम्ही मॅट्रिक पास, हातात पाना घेऊन नोकरीला लागलेले. रायपूरने आम्हाला हे शिकवले, आणि तो धडा स्वस्तात मिळाला नाही.

जुना काळ आठवून पाहा. रायपूर मध्यप्रांतात होते तेव्हा इथल्या मुलाचे विद्यापीठ म्हणजे १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ. पुढे १९४६ साली सागर विद्यापीठ निघाले. खुद्द रायपूरला रविशंकर विद्यापीठ मिळायला १९६४ साल उजाडावे लागले. विद्यापीठ उभे राहायचे म्हणजे जमीन, इमारत, ग्रंथालय, प्राध्यापक हे सारे जमवावे लागे.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले. २००२ साली राज्य सरकारने खाजगी विद्यापीठांचा कायदा केला. त्यातील कलम ५ आणि ६ अशी होती की, एखाद्या संस्थेने आपल्या योजनेचा कागद सादर करावा आणि सरकारने राजपत्रात सूचना छापून तिला विद्यापीठ करावे. प्रत्येक विद्यापीठासाठी विधानसभेत वेगळा कायदा नको, आधी इमारत नको, आधी शिक्षक नकोत. परिणाम काय झाला? सुमारे वर्षभरात शंभराहून अधिक विद्यापीठे निघाली. सर्वोच्च न्यायालयापुढील याचिकेत ११२ हा आकडा होता. त्यांतली कित्येक एकेका खोलीत चालत होती. एका खोलीत आपले कँटीनसुद्धा नीट चालत नाही बांधवांनो, तिथे विद्यापीठ चालत होते आणि राज्याबाहेरही केंद्रे उघडण्याची सोय कायद्यात करून ठेवली होती!

विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, शास्त्रज्ञ प्रा. यशपाल हे याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी, न्या. जी. पी. माथूर आणि न्या. पी. के. बालसुब्रमण्यन यांच्या पीठाने निकाल दिला. कलम ५ आणि ६ रद्द झाली आणि त्यांखाली निघालेली सर्व विद्यापीठे रद्द झाली. न्यायालयाचे म्हणणे साध्या शब्दांत असे की, विद्यापीठ म्हणजे जिथे शिकवण्याची आणि संशोधनाची खरीखुरी सोय आहे ती जागा. नुसत्या योजनेच्या कागदाला विद्यापीठ म्हणता येत नाही. जी मुले प्रत्यक्ष शिकत होती त्यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्था राज्यातील जुन्या विद्यापीठांना जोडण्याची व्यवस्था सरकारने करावी, असेही न्यायालयाने सांगितले.

आता आमची चूक सांगतो. त्या वर्षांत अशाच एका संस्थेचा माणूस रंगीत माहितीपुस्तके घेऊन आमच्या कचेरीत आला होता. कामगारांच्या मुलांना फीमध्ये सूट देऊ म्हणाला. आम्ही त्याला चहा पाजला, बाहेर टेबल मांडू दिले आणि नोटीस बोर्डावर त्याचा कागदही लावू दिला. सरकारच्या राजपत्रात नाव आहे म्हटल्यावर शंका कोण घेणार? एका खलाशी बांधवाने पी.एफ.चे पैसे काढून मुलाचे नाव घातले. निकालानंतर तो कचेरीत आला. ओरडला नाही, भांडला नाही. एवढेच म्हणाला, "दादा, कागद तुमच्या बोर्डावर होता." या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. मुलाची दोन वर्षे गेली. पुढे तो दुसरीकडून शिकला, पण बापाचे पैसे परत आले नाहीत.

म्हणून आम्ही माहिती काढली. नवा अभ्यासक्रम सुरू होण्याची सरळ वाट अशी असते. विभागातले प्राध्यापक आराखडा करतात : काय शिकवायचे, किती तास, कोण शिकवणार, प्रयोगशाळा कुठली, शिकून मुलगा काय करणार. तो अभ्यास मंडळापुढे जातो, तिथून विद्याशाखेकडे, मग विद्या परिषदेकडे, आणि पैशांचा प्रश्न असल्यामुळे शेवटी आमच्याकडे ज्याला कार्यपरिषद आणि महाराष्ट्रात ज्याला व्यवस्थापन परिषद म्हणतात तिच्याकडे. पदवीचे नावही मनाला येईल ते ठेवता येत नाही. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी कोणी द्यायची आणि कोणत्या नावाची द्यायची हे बांधलेले आहे. शिवाय वकिलीला बार कौन्सिल, नर्सिंगला नर्सिंग कौन्सिल, बी.एड.ला शिक्षक शिक्षण परिषद, अभियांत्रिकी महाविद्यालयाला तंत्रशिक्षण परिषद यांची मान्यता लागते. महाराष्ट्रात तर २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे कुठल्या भागात कशाची गरज आहे याचा पाच वर्षांचा बृहत् आराखडा विद्यापीठाने करायचा असतो.

काही मंडळी म्हणतात, ही सगळी लाल फीत आहे. बाजार वेगाने बदलतो, एवढ्या टेबलांवरून फाईल फिरेपर्यंत अभ्यासक्रम शिळा होतो. या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. फाईल अडवून ठेवणे म्हणजे तपासणी नव्हे, हे आपल्याइतके कोणाला कळते? पण उशीर होतो म्हणून तपासणीच काढून टाकायची, हा उपाय नव्हे. तोच उपाय २००२ साली इथे करून पाहिला होता.

आपल्या रेल्वेत काय आहे? नवी लाईन पूर्ण झाली तरी रेल्वे संरक्षा आयुक्त पाहणी करून मंजुरी देईपर्यंत तिच्यावर प्रवासी गाडी जात नाही. हा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली असतो. कारण उघड आहे : ज्याने रूळ टाकले त्यानेच ते पास करायचे नाहीत. मालडब्याची वर्कशॉपात मोठी दुरुस्ती झाली की तारीख आणि पुढची पाळी त्याच्या अंगावर रंगवलेली असते, कोणीही वाचावी. कोळसा वाहणाऱ्या डब्याला जो नियम आहे, तो आपल्या पोराबाळांच्या आयुष्याला का नसावा?

आणि हा प्रश्न फक्त मुलांचा नाही. नोकरी करता करता बढतीसाठी दूरशिक्षणाने शिकणारे आपल्यातही अनेक आहेत. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी पूर्वमान्यता न घेता पत्राद्वारे दिलेल्या इंजिनियरिंग पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षेला बसण्याची संधी मिळाली. त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द झाल्या आणि त्या पदवीवर मिळालेल्या बढत्यांवरही गदा आली. मिळालेला पैसा वसूल करू नये एवढाच दिलासा. ती विद्यापीठे खोटी नव्हती, हे ध्यानात घ्या. विद्यापीठ खरे होते, पण त्या अभ्यासक्रमाला मंजुरी नव्हती. आपण चौकशी करतो विद्यापीठाची, आणि फसतो अभ्यासक्रमात.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत :

१) प्रत्येक अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर, कोणत्या मंडळाने कोणत्या तारखेला मंजुरी दिली आणि ती कधीपर्यंत आहे, हे मराठी-हिंदीत ठळक छापावे.

२) मंजुरी नसताना प्रवेश दिला तर संपूर्ण फी व्याजासह परत मिळावी. त्यासाठी गरीब पालकाला कोर्टाची पायरी चढायला लावू नये.

३) अभ्यासक्रम ठरवताना कारखानदारांचे मत घेता, तसे कामगार संघटनांचेही घ्या. रेल्वेने स्वतःची संस्था काढली, २०२२ च्या कायद्याने ती वडोदऱ्याचे गतिशक्ती विद्यापीठ झाली. रेल्वे ज्यांनी हाताने चालवली त्यांचे अनुभव अशा ठिकाणी तरी अभ्यासाला यावेत.

४) बढतीसाठी कोणत्या पदव्या चालतील याची यादी प्रशासनाने परीक्षेनंतर नव्हे, आधी लावावी.

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. मुलाचे नाव घालण्याआधी तीन गोष्टी विचारा : विद्यापीठ कोणत्या कायद्याने झाले? हाच अभ्यासक्रम, याच ठिकाणी, याच वर्षासाठी मंजूर आहे का? दूरशिक्षण असेल तर आयोगाच्या यादीत विद्यापीठाबरोबर त्या अभ्यासक्रमाचे नाव आहे का? उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. समजत नसेल तर तो कागद घेऊन शाखेच्या कचेरीत या. पोस्टातल्या बांधवांनीही आपापल्या शाखेत असेच सुरू करावे, अशी आमची विनंती आहे.

आमच्या शाखेने आता एक नियम केला आहे. शिक्षणसंस्थेचा कोणताही कागद मंजुरीची प्रत पाहिल्याशिवाय आमच्या बोर्डावर लागत नाही. त्या खलाशी बांधवाला एवढे तरी आम्ही देणे लागत होतो.

शाखा सचिव, रायपूर