सांडपाण्यावरची भेंडी

भगिनींनो, जत-आटपाडी असो की माण-खटाव, उन्हाळ्यात घागरभर पाण्याचीही किंमत कळते. शेत नावावर नसले तरी अंगण आपले आहे. २० मार्चला, १९२७ च्या चवदार तळे सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी, तिथे भेंडी टोका. बी रात्रभर भिजवा. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी आळ्यात घाला, साबणाचे नको. बुडाशी पाचट पसरा, ओल टिकते. भीमजयंतीपर्यंत रोपे विरळ करून खुरपणी उरका. ४५-५० दिवसांत, बुद्धपौर्णिमेच्या सुमारास, पहिला तोडा मिळेल. पुढे एक दिवसाआड तोडा, नाहीतर भेंडी जून होते. ज्या पाण्यासाठी महाडला आपल्या माणसांनी मार खाल्ला, ते मोरीतून वाया घालवू नका. जयभीम!