फळ्यासमोरची परीक्षा

सॉफ्टवेअर कंपनीत अभियंता व्हावे, ही आज अनेक कुटुंबांतील तरुणांची आकांक्षा असते. मुलगा किंवा मुलगी मुलाखतीच्या तयारीला लागते. परंतु तेथे नेमके काय विचारतात, याची कल्पना घरातील वडीलधाऱ्यांना बहुधा नसते. ती असणे अगत्याचे आहे.

या मुलाखतीत उमेदवारास एक छोटे कोडे देतात आणि परीक्षकासमोर, फळ्यावर किंवा संगणकाच्या पडद्यावर, ते सोडवावयास सांगतात. उदाहरणार्थ, हजार संख्यांच्या यादीतून ठराविक बेरीज होणाऱ्या दोन संख्या शोधावयाच्या आहेत. प्रत्येक जोडी तपासू म्हटले, तर ४,९९,५०० जोड्या होतात. पण पाहिलेल्या संख्यांची नोंद ठेवीत गेल्यास यादीवरून एकदा नजर फिरविली की काम होते. पहिल्या मार्गावरून दुसऱ्याकडे उमेदवार कसा वळतो, हे परीक्षकास पाहावयाचे असते. म्हणून मनातील विचार मोठ्याने बोलून दाखविणे अपेक्षित असते.

ही अपेक्षा निराधार नाही. सॉफ्टवेअर ही अनेक हातांची निर्मिती होय. एकाने लिहिलेला प्रोग्राम उपयोगात आणण्यापूर्वी दुसरा सहकारी तो वाचतो, शंका विचारतो, दुरुस्त्या सुचवितो. आपले म्हणणे स्पष्ट मांडणे व न समजलेले विचारून घेणे हे तेथे नित्याचे काम आहे. तेव्हा मुलाखतीत प्रश्न विचारणे हा कमीपणा मुळीच नव्हे.

तथापि, या पद्धतीतही मोठी उणीव आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० साली ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांनी परीक्षकासमोर बोलत बोलत कोडे सोडविले. उरलेल्यांनी बंद खोलीत एकट्याने. परीक्षकासमोर उभ्या राहिलेल्यांची कामगिरी दुसऱ्या गटाच्या निम्मीच भरली. विशेष म्हणजे, परीक्षकासमोरच्या सर्व मुली अनुत्तीर्ण झाल्या, तर एकांतात बसलेल्या सर्व मुलींनी कोडे सोडविले. प्रयोग लहान आहे, त्यावरून सरसकट नियम बांधता येणार नाही. परंतु कोणी पाहत असताना येणारे दडपण बुद्धीवर किती झाकण घालू शकते, हे त्यावरून ध्यानी येते.

येथेच कुटुंबाचे साहाय्य मोलाचे ठरते. ज्याला गणित येत नाही अशी आई किंवा आजोबासुद्धा समोर बसून अर्धा तास ऐकू शकतात. पाल्याने कोडे वाचावे, आपला मार्ग साध्या मराठीत समजावून सांगावा. श्रोत्याने 'हे असे का?' एवढेच विचारावे. आठवड्यातून दोनतीनदा असे केल्यास समोर माणूस असण्याची सवय होते. मध्येच उत्तर मागू नये, शेजारच्या मुलाशी तुलना तर मुळीच करू नये.

आणि नकार आला, तर? एका तासाच्या मुलाखतीत त्या दिवसाची भीतीही मोजली जाते, हे घरच्यांनी प्रथम समजून घ्यावे. 'कुठे चुकलास?' असे विचारण्याऐवजी 'कोडे कोणते होते, मला सांग पाहू,' असे म्हणावे. पुढच्या मुलाखतीची तयारी त्याच क्षणी सुरू होते.