झाकणाला हात लावू नका

माझेरी मागे पडली, वरंध घाटाची खरी चढण सुरू झाली आणि बायको म्हणाली, "काकवीचा वास येतोय." महाडच्या अंगाला ऊस कुठला आणि ऑक्टोबरच्या दुपारी गुऱ्हाळ कुठलं? मी हसण्यावारी नेलं. दोन वळणांनंतर मलाही आला. गरम, गोडसर, घशाशी बसणारा. डॅशबोर्डकडे पाहिलं. तापमानाचा काटा एरवी निम्म्यावर खिळा ठोकल्यासारखा उभा असतो, तो लाल पट्टीला टेकायला आला होता. कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं, त्याचा हा गोड वास. (चवही गोड असते, म्हणून कुत्रीमांजरं चाटतात आणि जिवाला मुकतात. सांडलं तर भरपूर पाणी मारून धुवा.)

आमची गाडी फोर-बाय-फोर आहे. नव्या माणसाशी ओळख झाली की पाच मिनिटांच्या आत मी हे सांगतो. जुलैत मित्रांबरोबर मावळातल्या एका ओढ्यात घातली होती, चिखल बॉनेटवरून गेला होता. पुढे महिनाभर मी ती मुद्दाम धुतली नाही. सोसायटीत दिसायला नको? दसऱ्याला मात्र चकाचक केली, पूजा केली आणि पुढच्या जाळीला झेंडूचा घसघशीत हार बांधला. तो वाळून कोळ झाला तरी तिथेच होता. त्याच्या पुढे हौसेने बसवलेले दोन थाळीएवढे दिवे. म्हणजे रेडिएटरला जिथून वारा मिळायचा, तिथे मी झेंडू, दिवे आणि दिमाख असे तीन पडदे लावले होते. चौथा पडदा आत होता, त्याचा पत्ता भोरला लागला.

शिवाय घाट लागला म्हणून मी दांडा फोर-हायमध्ये टाकलेला. कोरड्या डांबरावर हा शुद्ध शहाणपणाचा अभाव. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. आमच्यासारख्या साध्या गाड्यांत फोर-हाय टाकलं की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना जखडले जातात. मातीत चाक जरा घसरून हिशेब पुरा करतं, डांबर घसरू देत नाही. मग स्टिअरिंग जड होतं, टायर कुरकुरतात आणि इंजिन स्वतःच्याच गाडीशी कुस्ती खेळत राहतं. त्यात मी तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन गुरगुरत असताना, ताशी वीसने रेटत होतो. पंखा आणि पाण्याचा पंप इंजिनच्या फेऱ्यांवर फिरतात. फेरे कमी, ओझं जास्त, आणि वारा समुद्राकडून, म्हणजे पाठीमागून. ढोबळ हिशेबाने डिझेलमधल्या शक्तीचा एक तृतीयांश भाग चाकांना मिळतो, एक सायलेन्सरमधून जातो आणि एक पाण्यावाटे रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. त्या शेवटच्या वाट्याला जायला जागाच उरली नव्हती.

पहिल्या रुंद वळणावर गाडी कडेला घेतली. एसी बंद, दांडा परत टू-हायला. इंजिन मात्र लगेच बंद केलं नाही. पट्टा शाबूत होता, पंखा फिरत होता आणि टाकीत पाणी दिसत होतं. अशा वेळी इंजिन न्यूट्रलमध्ये जरा फिरतं ठेवलं तर पाणीही फिरतं राहतं. पट्टा तुटला असता किंवा पाणी धारेने गळत असतं, तर त्याच क्षणी किल्ली फिरवायची.

मग हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर चारवर. पुण्यातल्या माणसाने बारा वर्षांत हीटरचं बटण कशाला फिरवलं असेल! पण हीटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटरच, तो इंजिनची उष्णता खेचून आपल्या अंगावर सोडतो. बायकोने खिडकी खाली केली आणि माझ्याकडे असं पाहिलं की इंजिन थंड झालं असावं. काटा खरोखरच उतरू लागला. निम्म्याच्या थोडा वर आल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये, फेरे दोन हजारांच्या आसपास ठेवत, आम्ही निघालो.

वाघजाईच्या अलीकडे, शेवटच्या वळणावर, हीटरमधून एकदम गार झुळूक आली. "बरं वाटलं," ती म्हणाली. काटाही झपकन खाली बसला होता. मीही सुटकेचा श्वास टाकला आणि देवळाजवळच्या भजीच्या टपऱ्यांपाशी मोठ्या रुबाबात गाडी लावली.

बॉनेट उचललं तर टाकी रिकामी. आत कुठेतरी गुडगुड चाललेली. मी फडकं घेऊन झाकणाकडे हात नेला, तेवढ्यात बाकड्यावरचे म्हातारबा ओरडले, "साहेब, झाकनाला हात लावू नका! तोंड भाजंल." आयुष्य ट्रक हाकण्यात गेलेला माणूस. जवळ आले, टाकीत डोकावले. मी मोठेपणाने सांगितलं, की काका, काटा तर खाली आलाय. ते म्हणाले, "पानीच न्हाई, काटा काय बोलनार?"

या एका वाक्यात सगळं आलं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो म्हणून खरं सांगतो. पाणी खाली गेलं की तो वाफेत लोंबकळतो आणि काटा उतरतो. हीटरची गार झुळूकही त्याचीच बहीण, कारण हीटरपर्यंत गरम पाणी पोचतच नाही. शेवटच्या वळणावर ज्या दोन गोष्टींनी आम्हाला हायसं वाटलं, त्या दोन्ही धोक्याच्या होत्या. आणखी किलोमीटरभर ओढली असती तर हेड वाकलं असतं.

झाकण का उघडायचं नाही, हे बायकोने मला माझ्याच स्वयंपाकघरात नेऊन समजावलं. "कुकरची वाफ जिरल्याशिवाय तू झाकण काढतोस का?" उपमा तंतोतंत आहे. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं. जवळच्या महाबळेश्वरला, सुमारे १,३७० मीटरवर, ९५-९६ अंशांनाच. रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं. दर पौंड दाबामागे उकळणबिंदू साधारण दीड अंश वर सरकतो आणि बऱ्याच झाकणांवर १३ ते १५ पौंडांचा आकडा असतो. घरातला कुकरही साधारण तेवढ्याच दाबावर १२० अंशांना डाळ शिजवतो. झाकण सैल करायचा अवकाश, दाब जातो, १०० च्या वर तापलेलं ते पाणी एका क्षणात वाफ होतं आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं.

पाऊण तास बसलो. दोन प्लेट भजी, तीन चहा. मधेच मला बाटलीतलं गार पाणी इंजिनवर मारायची सुरसुरी आली, तीही म्हाताऱ्यांनी मोडली: तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की तडा जातो. वरचा पाइप हाताने दाबता येईल इतका गार आणि मऊ झाला, तेव्हा फडकं घेऊन पाव आटा झाकण फिरवलं, फुस्स होऊ दिलं आणि मग काढलं. इंजिन चालू ठेवून पाणी थोडं थोडं घातलं. तीन लिटर गेलं. टपरीवाल्या मावशींनी हंड्यातलं दिलं, पैसे घेतले नाहीत.

म्हाताऱ्यांनी हळदीचा उपायही सांगितला. रेडिएटर ठिबकत असेल तर मूठभर हळद टाकायची, फुगून भोक बुजवते. ट्रकच्या जुन्या, जाड नळ्यांच्या पितळी रेडिएटरमध्ये ती टाकून त्यांनी अशा गाड्या घरी नेल्यात. मी मावशींची हळद घेतली नाही. गळती नव्हतीच, आणि आजच्या अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरच्या नळ्या इतक्या चपट्या असतात की हळद भोकाबरोबर नळ्याही बुजवेल.

नीरा-देवघरच्या पाण्याकडेने रमतगमत भोरला पोचलो. मेस्त्रींनी आधी ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइलमध्ये पाणी गेलं असतं तर ते दुधाळ चहासारखं दिसतं. आमचं काळंकुट्ट निघालं, टाकीत बुडबुडेही नव्हते, म्हणजे हेड गॅसकेट वाचलं होतं. त्यांचा पोऱ्या म्हणाला, थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकट मिटेल. हा सल्ला तुम्हालाही कुठेतरी मिळेल, ऐकू नका. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान कधीतरी उघडतो आणि इंजिनला त्याची योग्य ऊब देतो. तो नीट उघडत असेल तर निर्दोष. अडकला असेल तर नवा बसवायचा. काढून टाकला की थंडीत इंजिन तापायला उशीर, डिझेल जास्त, आणि रेडिएटर तुंबलेला असेल तर गाडी तापायची ती तापतेच.

मेस्त्रींनी बंपर आणि जाळी उतरवली. हार माझ्या हातात दिला, बोलले काही नाहीत. पुढचा एसीचा कंडेन्सर स्वच्छ होता, कारण दसऱ्याला पाणी मारलं होतं. तो पुढे ओढला आणि मागे रेडिएटर दिसलाच नाही. दिसली ती एक घोंगडी. जुलैचा चिखल, त्यात रुतलेली कुसळं, पाखरांची पिसं आणि झेंडूच्या पाकळ्या, सगळं वाळून गच्च बसलेलं. स्क्रूड्रायव्हरने कड उचलली तर वहीच्या पानाएवढा सलग तुकडा सुटून हातात आला. ओढ्यातल्या त्या फोटोंना शंभरावर लाइक्स आले होते.

तुमचीही गाडी या पावसाळ्यात चिखलात गेली असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत एक काम वाढवा. इंजिन पूर्ण गार असताना कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. घोंगडी दिसली तर पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा, समोरून मारलं की घाण आणखी आत बसते. आणि धार हलकी ठेवा, जोराच्या धारेने जाळीच्या पात्या मुडपतात.