पोहणाऱ्यांस कोरडा व्यायाम कां हवा ?

पन्नाशीच्या आसपास पोहण्याच्या तलावाकडे वळणारीं कुटुंबवत्सल माणसें हल्लीं शहरोशहरीं पाहावयास मिळतात. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पाणी शरीराचा भार उचलून धरतें, गुडघ्यांस धक्का बसत नाहीं आणि अंगांतील बहुतेक सर्व मोठ्या स्नायूंस काम मिळतें. तथापि या मंडळींकडून एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो : ‘आम्ही वर्षभर नेमानें पोहतों, मग दोन जिने चढतांना धाप कां लागते ?’ प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नव्हे. ज्याच्या मिळकतीवर अथवा कष्टांवर सारें घर उभें आहे, त्याच्या हृदयाचें बळ हा एकट्याचा प्रश्न राहात नाहीं. म्हणून आजच्या लेखांत त्याचाच विचार करूं.

पोहणाऱ्यांचे दोन वर्ग कल्पावे. पहिला वर्ग निष्णातांचा. हा मनुष्य पाण्यावर इतक्या सहजतेनें सरकतो कीं, त्याच्या हृदयास फारसे श्रमच पडत नाहींत. त्यांतून प्रत्येक फेरीनंतर कठड्यास धरून दोन घटका गप्पा होतात त्या निराळ्याच. तलावांत काढलेल्या अर्ध्या तासांतून प्रत्यक्ष हातपाय चालविण्याचा वेळ घड्याळ लावून मोजावा. पुष्कळांस तो पंधरा मिनिटेंही भरणार नाहीं. दुसरा वर्ग नवशिक्यांचा. हा पाण्यांत तोंड घालतांच श्वास कोंडून धरतो, उच्छ्वास पुरा सोडीत नाहीं, रक्तांत कर्बद्विप्राणिल वायु सांचतो आणि पंचवीस मीटर जाण्यापूर्वींच जीव घाबरा होतो. येथें हृदय दुर्बळ ठरत नाहीं. कौशल्य अपुरें पडतें. परिणाम मात्र एकच : हृदयास व फुप्फुसांस जें अखंड, बेताचें काम पंधरा-वीस मिनिटें मिळावयास हवें, तें दोघांनाही मिळत नाहीं.

यावर उपाय म्हणजे पूरक व्यायाम. जमिनीवर श्वास मोकळा असतो, कौशल्याची अडचण नसते, आणि हृदयास हवें तेवढेंच काम देतां येतें. मात्र तो सांध्यांस धक्के न देणारा असावा. धावतांना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर पायांवर येतो. चालतांना तो वजनाइतका किंवा थोडा अधिक असतो. बसून सायकल चालवितांना त्याहूनही कमी. पन्नाशीच्या गुडघ्यांस हा हिशेब उत्तम समजतो !

सर्वांत सुलभ साधन म्हणजे झपाट्यानें चालणें. मिनिटास सुमारें १०० पावलें पडलीं कीं चालणें बेताच्या श्रमाचें झालें असें मानतात. देवळापर्यंत रमतगमत जाणें हें मनास हितकर असेल, परंतु तें या हिशेबांत धरूं नये. सायकल, मग ती रस्त्यावरची असो कीं खोलींतील उभी, तितकीच चांगली. बैठक इतकी उंच ठेवावी कीं पायटा अगदीं खालीं गेला असतां गुडघा किंचित् वाकलेला राहील. जिने चढणें हा हृदयाचा उत्तम व्यायाम आहे, परंतु गुडघ्यांस त्रास होतो तो बहुधा उतरतांना. ज्यांच्या इमारतींत लिफ्ट आहे त्यांनीं पायांनीं चढावें व लिफ्टनें उतरावें. लोक नेमकें उलट करतात ! व्यायामशाळेंत वल्हविण्याचें यंत्र असल्यास पोहणाऱ्यास तें विशेष उपयोगी, कारण त्यांत हात, पाठ व पाय तिन्ही राबतात. क्रम मात्र संभाळावा : आधीं पायांनीं रेटा, मग कमरेंतून किंचित् मागें, शेवटीं हातांनीं ओढ, परततांना याच्या उलट. पाठीस बांक देऊन नुसत्या हातांनीं ओढणारा मनुष्य कंबर दुखवून घेतो.

आमच्या घरांतून सूर्यनमस्कारांची परंपरा आहे, आणि तिच्या प्रसाराचें मोठें श्रेय औंधचे अधिपति भवानराव पंत प्रतिनिधि यांस आहे. नमस्कार अवश्य घालावे, परंतु पोहणाऱ्यानें एक विवेक राखावा. पंचवीस मीटरांस वीस हात धरले, तर एक किलोमीटर पोहणारा ८०० हात मारतो. अशा खांद्यांवर त्याच दिवशीं शंभर नमस्कारांचा भार घालणें शहाणपणाचें नव्हे. खांदा दुखत असेल तर तो दिवस पायांच्या व्यायामास द्यावा.

श्रम किती करावे ? वाग्भटानें बलवान् मनुष्यासही हिवाळ्यांत व वसंतांत अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करण्यास सांगितलें आहे, इतर ऋतूंत त्याहूनही मंद. सुश्रुतानें या अर्धशक्तीची खूण दिली ती अशी कीं, श्वास तोंडावाटे येऊं लागला म्हणजे अर्धें बळ खर्च झालें असें समजावें. आजचे वैद्य जवळजवळ तीच कसोटी निराळ्या शब्दांत सांगतात : व्यायाम चालू असतां बोलतां यावें, पण गातां येऊं नये. आंकड्यांची आवड असणाऱ्यांनीं २२० मधून आपलें वय वजा करावें. पन्नास वर्षांच्या मनुष्यास १७० येतात; त्यांच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे मिनिटास सुमारें १०९ ते १२९ ठोके, ही बेताच्या श्रमाची मर्यादा. हा अंदाज ढोबळ आहे. शिवाय पाण्यांत नाडी जमिनीपेक्षां बहुधा १० ते १५ ठोक्यांनीं मंद राहते. सबब नातवानें मनगटावर बांधलेल्या घड्याळाचा जमिनीवरील आंकडा पाण्यांत गांठण्याचा हट्ट धरूं नये. रक्तदाबाच्या कांहीं औषधांनीं नाडी मंदच राहते. अशांनीं बोलण्याचीच कसोटी वापरावी.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें बेताचा व्यायाम व निदान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम सांगितला. त्याची मांडणी अशी करतां येईल : सोमवार, बुधवार, शुक्रवार प्रत्यक्ष तीस मिनिटें पोहणें, मंगळवार व शनिवार तीस मिनिटें चालणें, सायकल अथवा वल्हविणें, आणि त्यानंतर पंधरा मिनिटें उठाबशा व हलकीं वजनें. बेरीज बरोबर १५० होते. पहिला पंधरवडा एकाच गतीनें काढावा. नंतर कोरड्या दिवशीं पांच मिनिटें सावकाश, मग दोन मिनिटें जलद व दोन मिनिटें मंद असें पांच वेळां, शेवटीं पुन्हां पांच मिनिटें सावकाश. दीड-दोन महिन्यांनीं त्याच जिन्यावर फरक जाणवूं लागतो.

मात्र हा व्यायाम पूरक आहे. पोहण्याऐवजीं करावयाचा नव्हे. हृदयाचें कमावलेलें बळ पाण्यांतही कामास येतें. परंतु खांद्यांचे स्नायु व श्वासाची लय पाण्यांतच तयार होतात. उलटपक्षीं, पाण्यांत शरीराचा भार हलका होत असल्यानें हाडांस बळकटी येण्यास पोहणें फारसें उपयोगी नाहीं. त्यासाठीं भार पेलणारा व्यायामच हवा, आणि येथें आम्हांस घरांतील स्त्रियांविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. ऋतुनिवृत्तीनंतर त्यांचीं हाडें झपाट्यानें विरळ होऊं लागतात. ‘घरकाम करते तोच तिचा व्यायाम’ हें वाक्य पुष्कळ घरांत ऐकूं येतें. ओट्यापाशीं तासन् तास उभें राहून शीण येतो; हृदयास वीस मिनिटांचें अखंड काम त्यांतून क्वचितच मिळतें. सासरे सकाळीं तलावावर जातात व सून त्यांच्या परतण्याच्या वेळीं चहा तयार ठेवते, या घरांत व्यायाम एकाचा होतो. तिच्या वांट्याचा अर्धा तास कोणी संभाळावयाचा, हें घरांतील वडील माणसांनींच ठरवावें. चहा करणें कांहीं अवघड नाहीं.

शेवटीं सावधगिरीचे शब्द. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनीं वैद्याचा सल्ला घेतल्यावांचून नवा व्यायाम आरंभूं नये. व्यायामांत छातींत दडपण आलें, हात वा जबडा दुखूं लागला, घेरी आली, तर तत्काळ थांबावें. आपोआप बरें वाटेल म्हणून वाट पाहूं नये, महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाण्यांत एकट्यानें उतरूं नये. ‘दम वाढवितों’ म्हणून भराभर श्वास घेऊन पाण्याखालीं दीर्घ काळ राहण्याचा खेळ तर लहानथोर कोणीही करूं नये. त्यांत पूर्वसूचनेवांचून शुद्ध हरपते. दम वाढतो तो श्वास कोंडल्यानें नव्हे, मोकळ्या श्वासानें रोज थोडें थोडें श्रम केल्यानें.